मागचे झाकण

१४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जगभरच्या ग्राहकांना सावधगिरीची सूचना दिली. 'बीएल-५सी' या बॅटरीचा एक मोठा साठा सदोष निघाला होता. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन तापण्याची शक्यता होती. अशा बॅटऱ्या होत्या ४ कोटी ६० लाख. प्रत्यक्ष तापल्याच्या घटना तोवर शंभराच्या आसपास नोंदल्या गेल्या होत्या, तरी आकडा छातीत धडकी भरवणाराच होता. भारतात तोवर नोकियाचे फोन वाडीवस्तीपर्यंत पोचलेले होते. ग्राहकाने करायचे काम मात्र साधे होते. फोन बंद करायचा, अंगठ्याने मागचे झाकण सरकवायचे, नखाने बॅटरी उचलायची आणि तिच्या पाठीवर छापलेला २६ अक्षरांचा क्रमांक कंपनीला कळवायचा. क्रमांक सदोष साठ्यातला निघाला तर नवी बॅटरी फुकट मिळणार होती. फोन परत करा, असे कोणालाच सांगावे लागले नाही. सिमकार्ड, फोनबुक, जपून ठेवलेले मेसेज, सगळे ग्राहकाच्या हातात राहिले आणि साडेचार कोटींहून अधिक वस्तूंतला दोष एका झाकणाच्या उघडझापीत निस्तरण्याची सोय झाली.

आज अनेकांना दोन-तीन वर्षांनी एकदा छळणारा 'बॅटरी बदलू की नवाच फोन घेऊ' हा प्रश्न त्या वेळी नव्हता. बॅटरी उतरली की नवी टाकायची, फोन बिघडला की दुरुस्त करायचा आणि मन भरले की नवा घ्यायचा, या तीन निराळ्या गोष्टी होत्या. त्यांची सरमिसळ पुढच्या आठ-नऊ वर्षांत झाली. ती बॅटरीच्या रसायनामुळे झाली नाही. रसायन तेव्हाही लिथियम-आयनचे होते आणि आजही तेच आहे. ग्राहकांनी मागणी केली म्हणूनही ती झाली नाही. फोनच्या रचनेबद्दल काही कंपन्यांनी घेतलेले निर्णय, त्या निर्णयांना चिकटलेले दर आणि त्या दरांकडे उशिरा वळलेली सरकारांची नजर, असा या प्रश्नाचा इतिहास आहे. तो नीट पाहिला तर हा प्रश्न माणसांनी तयार केलेला आहे, आणि म्हणून माणसांना मोडताही येईल, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवातीपासून बॅटरी हा मोबाइल फोनचा सर्वांत दुबळा भाग होता आणि ते सगळ्यांनी मान्यच केले होते. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून पहिला मोबाइल कॉल केला, तो किलोभराहून जड उपकरणावरून. १९८३ साली बाजारात येण्याची परवानगी मिळालेला मोटोरोलाचा डायनाटॅक सुमारे दहा तास चार्ज केल्यावर अर्धा तास बोलू देई. इतक्या तोकड्या बळाची वस्तू विकायची तर ते बळ संपल्यावर बदलता येण्याची सोय द्यावीच लागे. निकेल-कॅडमियमच्या जाडजूड बॅटऱ्या, मग निकेल-मेटल हायड्राइड, मग लिथियम-आयन असे टप्पे झाले. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रत्येक टप्प्यावर बॅटरी हलकी आणि दमदार होत गेली, पण खटका दाबून निघण्याची तिची रीत कायम राहिली.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला आणि मोबाइलचे युग सुरू झाले. पहिली काही वर्षे हे श्रीमंतांचे प्रकरण होते. सर्वसामान्यांच्या हाती फोन आला तो २००३ नंतर, विशेषतः टॉर्च असलेल्या नोकिया ११०० मुळे. या एका मॉडेलचे जगभरात २५ कोटींच्या वर फोन विकले गेले, आणि त्याच्या पोटात तीच बीएल-५सी होती. महाराष्ट्रात हा काळ भारनियमनाचा होता. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. तेव्हा दोन बॅटऱ्या बाळगणे ही चैन नव्हती, सोय होती. त्यासाठी एक खास वस्तू बाजारात आली, ती म्हणजे युनिव्हर्सल चार्जर. मूठभर आकाराचा प्लास्टिकचा चिमटा, मागे थेट सॉकेटमध्ये जाणाऱ्या दोन पिना, पुढे डावीउजवीकडे सरकणाऱ्या दोन तारा. बॅटरी चिमट्यात धरायची, तारांची टोके तिच्या सोनेरी पट्ट्यांवर नेमकी टेकवायची आणि लाल-हिरवे दिवे लुकलुकू लागले की वीज जाते आहे असे समजायचे. फोन कोणत्या कंपनीचा, बॅटरी कोणत्या आकाराची, याच्याशी त्या चार्जरला काही कर्तव्य नसे. सुरक्षिततेच्या आजच्या निकषांवर ती वस्तू टिकणार नाही, हे खरे. पण बॅटरी ही फोनपासून वेगळी, स्वतंत्रपणे विकत घेण्याची, भरण्याची आणि बदलण्याची वस्तू आहे, ही समज तेव्हा किती सार्वत्रिक होती हे ती दाखवते. एसटी स्टँडसमोरच्या रिचार्जच्या टपरीतही काचेखाली बॅटऱ्या मांडलेल्या असत. डुप्लिकेट शे-दीडशेत मिळे, ओरिजनलला थोडे जास्त पडत. बदलायला कारागीर लागत नसे. बीएल-५सीचे आयुष्य तर तिच्या फोनपेक्षा लांब ठरले. नोकियाचे ते फोन बाजारातून गेल्यावरही त्याच मापाची बॅटरी छोट्या एफएम रेडिओत आणि स्पीकरमध्ये घातली जात राहिली.

बदल सुरू झाला तो फोनमध्ये नव्हे, गाणी ऐकण्याच्या यंत्रात. अॅपलच्या आयपॉडची बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नाइस्टॅट बंधूंनी याविरुद्ध एक छोटी फिल्म केली आणि ती इंटरनेटवर प्रचंड पाहिली गेली. त्याच सुमारास अॅपलने ९९ डॉलरमध्ये आयपॉडची बॅटरी बदलून देण्याची योजना जाहीर केली. पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात कंपनीने तडजोडही केली. म्हणजे बंद बॅटरीला ग्राहकांचा विरोध होता आणि तो कंपनीला ठाऊक होता. तरीही जून २००७ मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या आयफोनची बॅटरी आत सोल्डर केलेली होती. ती बदलायची तर फोन कंपनीकडे पाठवायचा, ७९ डॉलर आणि वर पाठवणीचा खर्च द्यायचा आणि काही दिवस फोनवाचून राहायचे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाचे ग्राहक अंगठ्याने झाकण सरकवत होते तेव्हा हा फोन बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. फोन कसा बांधावा याबद्दलचे दोन विचार एकाच वर्षी शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यातला कोणता जिंकणार हे तेव्हा ठरलेले नव्हते.

बंद रचनेच्या बाजूने खरी कारणे होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. हाताळली जाणारी बॅटरी पडली, दाबली गेली, खिशात किल्ल्यांना घासली तरी फुटू नये म्हणून तिला कडक कवच लागते. फोनलाही तिच्यासाठी भिंती असलेला खण, झाकण आणि खटके लागतात. हे सगळे काढून टाकले की तीच जागा बॅटरीला मिळते किंवा फोन बारीक होतो. भारतीय बाजारात हे अगदी स्पष्ट दिसले. शाओमीने २०१४ मध्ये आणलेल्या रेडमी १एसची बॅटरी २००० एमएएचची आणि निघणारी होती. २०१६ च्या रेडमी नोट ३ ची ४००० हून थोडी जास्त एमएएचची आणि बंद होती. दोन्ही फोनचा आकार वेगळा होता, त्यामुळे सगळा फरक झाकणाचा म्हणता येणार नाही. पण ग्राहकाला दिसले ते एवढेच की पूर्वी संध्याकाळी मान टाकणारा फोन आता दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. त्याने तो आनंदाने घेतला. सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस६ पासून आपल्या प्रमुख मालिकेची बॅटरी बंद केली. एलजीने २०१६ मध्ये जी५ आणि व्ही२० हे निघणाऱ्या बॅटरीचे महागडे फोन काढले, ते फारसे चालले नाहीत. पुढच्या वर्षीच्या व्ही३० ची बॅटरी एलजीनेही बंद केली आणि २०२१ मध्ये त्या कंपनीने फोनचा धंदाच सोडला.

'लोकांनीच निघणारी बॅटरी नाकारली' असे म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. दुकानात फोन हातात घेताना माणूस जाडी, पडदा, कॅमेरा आणि किंमत पाहतो. या गोष्टी त्या क्षणी दिसतात. बॅटरी बदलता येण्याचा फायदा मात्र तिसऱ्या वर्षी कळतो, आणि तो किती रुपयांचा आहे हे दुकानात कुठेही लिहिलेले नसते. एक माहिती समोर आणि दुसरी झाकलेली असताना केलेल्या निवडीला पसंती म्हणता येते, पण पूर्ण विचाराअंती दिलेला कौल म्हणता येत नाही. शिवाय २०१६ नंतर बहुतेक किंमतपट्ट्यांत निघणाऱ्या बॅटरीचा स्मार्टफोन उरलाच नव्हता. जे बाजारात नाही ते लोकांनी नाकारले असे कसे म्हणायचे? आणि जिथे पर्याय राहिला तिथे तो नाकारला गेला नाही. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची बॅटरी मागचे झाकण उघडून काढता येई, आणि बटणांचे साधे फोन आजही बहुधा तसेच येतात. हजार-दीड हजाराच्या फोनला जी सोय मिळते ती पन्नास हजारांच्या फोनला का मिळत नाही, याचे तांत्रिक उत्तर कंपन्या देतात ते पाण्याचे: झाकण उघडणारा फोन पाण्यापासून सुरक्षित राहत नाही. पण २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस५ आयपी६७ दर्जाचा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा होता, आणि त्याचे मागचे झाकण नखाने उघडत असे. आतल्या बाजूला रबरी कडा होती, तीच पाणी अडवे. झाकण नीट बसले नाही तर पाणी शिरण्याचा धोका होता, हे मान्य. पण अशक्य म्हणून सांगितले जाते ते करून दाखवले गेले होते.

२०१६ मध्ये बंद रचनेची किंमत एका झटक्यात दिसली. सॅमसंगने ऑगस्टमध्ये आणलेल्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीने २५ लाख फोन परत बोलावले. बदली दिलेल्या फोनांत दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या होत्या, त्याही पेटल्या. ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते मॉडेल कायमचे बंद केले. विमानांत तो फोन नेण्यावर अनेक देशांनी बंदी घातली. पुढे जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासात दोष केवळ बॅटऱ्यांत निघाला: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला इलेक्ट्रोड वाकलेला, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगची टोके वर आलेली. फोनचा पडदा, कॅमेरा, सर्किट यांत काही खोट नव्हती. याची साक्ष सॅमसंगनेच दिली. जुलै २०१७ मध्ये परत आलेल्या फोनांतले आणि न वापरलेले भाग घेऊन, किंचित लहान बॅटरी बसवून, कंपनीने तोच फोन 'नोट एफई' नावाने दक्षिण कोरियात विकला. २००७ च्या घटनेशेजारी ही घटना ठेवून पाहावी. तिथे सदोष बॅटऱ्या ४ कोटी ६० लाख होत्या आणि परत आलेला फोन एकही नव्हता. इथे त्या मानाने अगदी थोड्या बॅटऱ्यांपायी संपूर्ण मॉडेल गेले, अब्जावधी डॉलर बुडाले आणि लोकांना आपला अख्खा फोन परत द्यावा लागला. काही जण म्हणतील की नोट ७ मधली बॅटरी अधिक ताकदीची, म्हणून धोकाही मोठा. खरे आहे. पण धोका जितका मोठा तितकी ती वस्तू चटकन वेगळी करता येण्याची गरज मोठी, असाच त्याचा अर्थ निघतो.

बॅटरी म्हातारी का होते, हे इथे थोडक्यात पाहायला हवे, कारण पुढचा वाद त्यावर उभा आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. दर फेरीत थोडे लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच्या पापुद्र्यात कायमचे अडकते. पापुद्रा जाड होत जातो, साठा घटतो आणि आतला विरोध वाढतो. विरोध वाढला की प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितल्यावर व्होल्टेज कोसळते आणि वीस टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. वर्षानुवर्षे फोनच्या बॅटऱ्या साधारण ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवल्या गेल्या. रोज चार्ज करणाऱ्याचे ते दीड-दोन वर्षांत होते. उष्णता हे सगळे वेगाने घडवते. ३५ अंशांवरच्या तापमानात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे अॅपल स्वतः सांगते. अकोला, चंद्रपूर, नागपूरचा पारा एप्रिल-मेमध्ये कुठे असतो ते सर्वांना माहीत आहे. थंड देशांतल्या प्रयोगशाळांच्या हिशेबाने ठरलेले बॅटरीचे आयुष्य विदर्भात तितके भरत नाही, त्यामुळे बॅटरी बदलण्याची गरज आपल्याकडे उलट जास्त आहे.

हाच विरोध वाढण्याचा प्रकार २०१७ च्या डिसेंबरमध्ये जगभर गाजला. जुन्या आयफोनांचा वेग बॅटरी थकल्यावर मंदावतो आणि बॅटरी बदलली की पूर्ववत होतो, हे काही वापरकर्त्यांच्या आणि गीकबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत दिसले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण सॉफ्टवेअरमधून वेग कमी करतो, हे अॅपलने कबूल केले. तांत्रिकदृष्ट्या तो उपाय समजण्यासारखा होता. गाऱ्हाणे होते ते न सांगण्याचे. फोन हळू चालतो म्हणजे फोन जुना झाला, असे समजून ज्यांनी नवा घेतला, त्यांना एक बॅटरी पुरली असती. २८ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलण्याचा दर २०१८ सालापुरता ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतातही दर तसाच उतरला. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने पुढे २०२० मध्ये याच प्रकरणी कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि अमेरिकेतल्या दाव्यांत कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. पण माझ्या मते दंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट २ जानेवारी २०१९ रोजी घडली. अॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला. मुख्य कारण चीनमधली मंदी हे होते. पण लोक अपेक्षेइतके नवे आयफोन घेत नाहीत याच्या कारणांत त्यांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतलेल्या ग्राहकांचाही उल्लेख केला. एरवी असा प्रयोग कोणी करून पाहिला नसता. फोन तेच, लोक तेच, बॅटरीही तीच, बदलला फक्त दर, आणि लोकांचा निर्णय बदलला. 'लोकांना नवेच हवे असते' या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर कोणते?

आता दुरुस्तीच्या धंद्याकडे वळू. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली, दिल्लीचे गफार मार्केट आणि नेहरू प्लेस ही या धंद्याची मोठी ठाणी, पण त्याचा खरा विस्तार तालुक्याच्या बाजारपेठेतल्या आठ बाय आठच्या गाळ्यांत आहे. रॉबिन जेफ्री आणि आसा डोरॉन यांनी भारतातल्या मोबाइलवर २०१३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या कारागिरांची दखल घेतली, ती योग्यच होती. शाळेत न शिकवलेली विद्या पाहून पाहून उचललेली ही माणसे. पूर्वी बॅटरीसाठी त्यांच्याकडे जावे लागत नसे, आता जावे लागते, आणि कामाचे स्वरूपही पार बदलले आहे. आधी फोन हीटिंग प्लेटवर ठेवून मागच्या काचेचा गोंद मऊ करायचा. सक्शन कपाने काच किंचित उचलायची, फटीत प्लास्टिकची पातळ पत्ती घालून कडेकडेने फिरवायची. बोटांच्या ठशाची किंवा चार्जिंगची पट्टी झाकणाला जोडलेली असेल तर ती तुटू न देता सोडवायची. मग स्क्रू काढून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर उचलायचा. बॅटरी तळाला गोंदाने किंवा ओढपट्ट्यांनी चिकटवलेली असते. पट्टी मध्येच तुटली तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून वाट पाहायची. इथे घाईने लोखंडी हत्यार घातले आणि बॅटरीला भोक पडले तर धूर आणि जाळ. फुगलेली बॅटरी असेल तर जोखीम आणखी. एवढे करून नवी बॅटरी बसवायची, नवा गोंद लावायचा, क्लिपा लावून दाबून ठेवायचे. जे काम २००७ मध्ये कोणीही दहा सेकंदांत करी ते आता तासाभराचे, कौशल्याचे आणि जोखमीचे झाले आहे. मजुरी त्याच प्रमाणात चढली, आणि काच फुटली तर जबाबदारी कोणाची हा वाद वेगळाच.

त्यावर आणखी एक कुलूप आले. २०१८ पासूनच्या आयफोनांत कंपनीबाहेर बदललेली बॅटरी फोन ओळखत नसे. बॅटरीची तब्येत दाखवायची जागा रिकामी राही आणि सर्व्हिसची सूचना झळके. हा प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आला तेव्हा अस्सल बॅटरी घातली तरी तेच होत असल्याचे दिसले. यावर कारागिरांनी तोड काढली: जुन्या बॅटरीचे सर्किट सोडवून नव्या सेलला वेल्ड करायचे, किंवा प्रोग्रॅमर यंत्राने माहिती उतरवायची. ही विद्या कौतुकाची आहे, पण एका निरोगी सुट्या भागाला आपली ओळख पटवण्यासाठी एवढी खटपट करावी लागावी हे संतापजनक होते. कंपन्या म्हणतात की हे सुरक्षेसाठी आहे, बाजारातल्या नकली बॅटऱ्या घातक असतात. नकली बॅटऱ्यांचा धोका खरा आहे. भारतात त्यासाठी आयएस १६०४६ हे मानक आणि बीआयएसची सक्तीची नोंदणीही आहे. पण नकली माल फोफावतो तो अस्सल माल मिळत नाही किंवा परवडत नाही तेव्हा. तालुक्याच्या कारागिराला अस्सल बॅटरी वाजवी दरात थेट कंपनीकडून मिळाली तर तो नकली कशाला घालेल? अस्सलचा पुरवठा रोखायचा आणि मग नकलीची भीती घालायची, हे दोन्ही एकदम चालू देता कामा नये.

फोन तरी किती वर्षे चालणार, सॉफ्टवेअर जुने झाले की बॅंकेचे अॅप चालत नाही, मग बॅटरीत पैसे कशाला घालायचे, असा एक आक्षेप असतो. दहा वर्षांपूर्वी तो बिनतोड होता. दोन वर्षांत अपडेट बंद होणाऱ्या फोनला नवी बॅटरी घालून काय उपयोग? आजही एखाद्या फोनची सुरक्षेची अपडेट थांबली असतील तर तो पैशांच्या व्यवहारांसाठी ठेवू नये, अशा वेळी नवा फोन घेणेच शहाणपणाचे. पण २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या आरंभी सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. प्रोसेसर आणि मेमरी तर त्याहून जास्त चालतात. म्हणजे आता फोनमध्ये ठरलेल्या वेळेला झिजणारा मोठा भाग उरला तो एकटी बॅटरी. सात वर्षे अपडेट देणारा फोन एका तरी बॅटरीबदलाचे वचन देतोच, फक्त ते वचन पाळायला किती पडेल हे सांगत नाही. टायर झिजला म्हणून सायकल विकायला काढणाऱ्याला आपण वेड्यात काढू, आणि इथे नेमके तेच लाखो लोकांकडून करवून घेतले जाते. एक्स्चेंजमध्ये दिलेला फोन पुढे कोणाच्या तरी कामी येतो, वाया जात नाही, हेही सांगितले जाते. येतो, आणि ते चांगलेच आहे. पण त्या दुसऱ्या माणसाच्या गळ्यात तीच थकलेली बॅटरी पडते, आणि फोन घेण्याची ऐपत ज्याची कमी त्याच्यावर हा खर्च ढकलला जातो.

पर्यावरणाचा हिशेब तर फारसा वादाचा नाहीच. अॅपलच्या स्वतःच्या अहवालांनुसार आयफोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला सुमारे ८० टक्के वाटा तो बनवण्याचाच असतो, वापराचा नव्हे. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची शास्त्रशुद्ध विल्हेवाट नोंदली गेली. बाकीचा कुठे जातो ते भारतातल्या भंगारवाड्यांत हाताने तारा जाळणाऱ्या माणसांना विचारावे.

कायदा या सगळ्याच्या मागोमाग, सावकाश येतो आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोनवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापणे सक्तीचे केले. ओरेगॉन या अमेरिकी राज्याने २०२४ मध्ये सुटे भाग सॉफ्टवेअरने बांधून टाकण्याला बंदी घातली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. जून २०२५ पासून लागू झालेल्या दुसऱ्या नियमाने तिथल्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के राहिली पाहिजे, असे ठरवले. मात्र जो फोन पाण्यापासून सुरक्षित आहे आणि ज्याची बॅटरी हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के राहते त्याला स्वतः बदलण्याच्या अटीतून सूट आहे. महागडे फोन या वाटेने निसटतील. तरी परिणाम दिसू लागला आहे. २०२४ च्या आयफोन १६ ची बॅटरी ज्या गोंदाने चिकटवली आहे, त्यात नऊ व्होल्टचा प्रवाह सोडला की दीडेक मिनिटात तो आपोआप सुटतो. सतरा वर्षे जे जमत नव्हते ते कायद्याची तारीख ठरल्यावर जमले.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केले, आणि २०२५ मध्ये मोबाइल व इतर उपकरणांच्या दुरुस्ती निर्देशांकावरचा अहवालही आला. फोनच्या प्राधान्याच्या भागांत बॅटरी त्यात आहे. निर्देशांक चांगलाच, पण पाचपैकी किती गुण हे वाचून मंचरच्या किंवा मेहकरच्या ग्राहकाला फारसा बोध होणार नाही. त्याला रुपये कळतात. आपल्याकडे प्रत्येक पाकिटावर एमआरपी छापण्याचा कायदा आहे आणि गिऱ्हाईक तो आकडा वाचते, त्यावरून भांडते. त्याच खोक्यावर, एमआरपीच्या लगत, तेवढ्याच अक्षरांत आणखी एक आकडा छापणे सक्तीचे करावे: या फोनची अस्सल बॅटरी, मजुरी आणि करांसकट, बदलून देण्याचा कमाल दर. कंपनी जितकी वर्षे सॉफ्टवेअर अपडेटचे वचन देते तितकी वर्षे तो दर बांधील असावा. किंमती बदलतात, सात वर्षांनंतरचे आज कसे सांगणार, अशी कुरकुर होईल. सात वर्षांनंतरची सॉफ्टवेअर अपडेट आजच कबूल करणाऱ्याला ते जड जाऊ नये, आणि हवे तर महागाईच्या सरकारी निर्देशांकाइतकी वाढ नियमातच धरता येईल. शिवाय तो आकडा कंपनीच्या सेंटरपुरता न ठेवता, बॅटरीचा सुटा दर वेगळा छापून तीच बॅटरी त्याच दरात कोणत्याही कारागिराला मिळाली पाहिजे, म्हणजे तालुक्यातला गाळाही त्या हिशेबात येईल. असे झाले तर दोन फोन शेजारी ठेवून पाहताना कॅमेरा आणि पडद्याबरोबर हाही आकडा डोळ्यांसमोर असेल, आणि गोंद किती लावायचा याचा विचार कारखान्यात आधीच होईल.